परवानगीचं पत्र हातात आलं, पुढे काय? महापालिकेसोबत आरोग्य संशोधन करताना

पेट पास झालात, गाइड मिळाले, आता आरआरसीसमोर विषय मांडायचा आहे. विषय सार्वजनिक आरोग्यातला आहे आणि प्रपोजलमध्ये कुठेतरी हे वाक्य आहे: 'सदर अभ्यास महानगरपालिकेच्या सहकार्याने केला जाईल.' मीसुद्धा हेच वाक्य लिहिलं होतं. सहकार्य म्हणजे एक पत्र, असं मला वाटायचं. जावक क्रमांक पडलेलं, सही-शिक्क्याचं पत्र मिळालं की झालं. ते मिळायला सात महिने लागले. पत्र मिळाल्यानंतर काय झालं, ते सांगण्यासाठी खरं तर हा लेख आहे. पण थोडं मागून सुरुवात करते, कारण 'महापालिकेकडे जायचंच कशाला, सरकारी सर्वेक्षणाचा डेटा आहे की' हा प्रश्न आरआरसीत हमखास येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं उदाहरण घ्या. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. डेटा उत्तम आहे, घरबसल्या मिळतो. पण तो जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतो. मुंबई उपनगर हा एक जिल्हा, म्हणून त्याची एक ओळ. त्या एका ओळीत जुहू आहे आणि गोवंडीही आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा गोवंडीच्या वस्त्यांमध्ये मुलं दगावली. आधीच्या जिल्ह्याच्या सरासरीत हा धोका दिसणं शक्यच नव्हतं. वॉर्ड, आरोग्य केंद्र, वस्ती या पातळीवरची माहिती फक्त एकाच ठिकाणी असते: महापालिकेच्या रजिस्टरांमध्ये.

आणि त्या रजिस्टरांचीही एक गंमत आहे. लसीकरणाची टक्केवारी काढायची तर वर लस दिलेली मुलं आणि खाली एकूण मुलं. वरचा आकडा केंद्राकडे असतो. खालचा आकडा लोकसंख्येच्या अंदाजातून येतो, आणि तो अंदाज २०११ च्या जनगणनेवर उभा आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. ज्या वस्तीत दहा वर्षांत माणसं दुप्पट झाली तिथे टक्केवारी शंभराच्या वर जाते, आणि जिथून लोक उठून गेले तिथे उगाच कमी दिसते. म्हणून नुसतं रजिस्टर घेऊन चालत नाही. घरोघरी जाऊन ताडून बघावं लागतं. माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात हाच. त्यासाठी संशोधक आणि पालिका दोघंही लागतात. एकट्या संशोधकाला रजिस्टर मिळत नाही, आणि एकट्या पालिकेला ताडून बघायला माणूस मिळत नाही.

पत्र कोणाकडून घ्यायचं

हा भाग पटकन सांगते, पण इथेच सगळ्यात जास्त महिने वाया जातात.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्या अठरा विषयांमध्ये सार्वजनिक आरोग्य आहे. मुंबई महापालिका तर १८८८ च्या स्वतःच्या कायद्याने चालते, बाकीच्या महापालिका १९४९ च्या. तेव्हा शहरी आरोग्य केंद्रात काम करायचं असेल तर तुमचा अर्ज आयुक्तांच्या नावे, आरोग्य विभागामार्फत. मुंबईत विभागप्रमुख म्हणजे कार्यकारी आरोग्य अधिकारी आणि वॉर्डात वैद्यकीय आरोग्य अधिकारी.

ग्रामीण भागात गोंधळ वेगळा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आमच्या विभागातला एक मित्र सिव्हिल सर्जनचं पत्र घेऊन थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला होता. मेडिकल ऑफिसरांनी पत्र वाचलं, चहा पाजला आणि परत पाठवलं.

पत्रात तीन गोष्टी मागून घ्या. कालावधी, केंद्रांची नावं, आणि समन्वयासाठी एक पदनाम. पदनाम म्हणतेय, माणसाचं नाव नाही. बदल्या होतात. मी ज्या अधिकाऱ्यांना प्रपोजल समजावून सांगितलं होतं त्यांची बदली पत्र निघण्याच्या आठवडाभर आधी झाली, आणि नव्या साहेबांनी 'हे काय प्रकरण आहे?' म्हणून फाइल परत मागवली. सात महिन्यांतले तीन तिथे गेले.

एथिक्स कमिटी वेगळी, पालिकेची परवानगी वेगळी. एकीने दुसरीचं काम होत नाही. परदेशी पैसा किंवा परदेशी विद्यापीठ सोबत असेल तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं, त्याचा वेळ आधीच धरा.

आणि हो, कधी जायचं हेही महत्त्वाचं. पल्स पोलिओचा आठवडा, मार्च एंड, पावसाळ्यातला डेंग्यू-मलेरियाचा हंगाम, पालखीचा मुक्काम असलेल्या गावांत आषाढी वारीचे दिवस: या काळात आरोग्य विभागात कोणाला तुमच्या प्रश्नावलीकडे बघायला फुरसत नसते. तेव्हा जाऊन 'सहकार्य मिळत नाही' असं गाइडना सांगू नका. चूक आपली असते.

भागीदारी कशी दिसते

आता मोठं उदाहरण बघू, म्हणजे परवानगी आणि भागीदारी यांतला फरक कळेल.

जुलै २०२० मध्ये मुंबईत कोविडचं सिरो सर्वेक्षण झालं. नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे आपली टीआयएफआर, यांनी मिळून केलेलं. आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर हे तीन वॉर्ड. ६,९३६ लोकांचे रक्तनमुने गोळा झाले. वस्त्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, वस्त्यांबाहेर सुमारे १६ टक्के. जुलै संपायच्या आत निकाल जाहीर झाला.

हे इतक्या वेगात कसं जमलं, ते नीट बघण्यासारखं आहे. नमुना कसा निवडायचा, आकडेमोड कशी करायची हे शास्त्रज्ञांकडे होतं. पण दारावर थाप मारणारी माणसं, वॉर्डाची यंत्रणा, कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा हे पालिकेचं होतं. आणि मुख्य म्हणजे प्रश्न दोघांचाही होता. वस्तीत संसर्ग नेमका किती पसरलाय हे पालिकेला खाटा, चाचण्या आणि माणसं कुठे लावायची यासाठी हवं होतं; शास्त्रज्ञांना साथीचं गणित मांडायला हवं होतं. उत्तर एकच, पण त्याची गरज दोन टेबलांवर होती. माझ्या मते भागीदारीची खरी कसोटी ही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर आरोग्य विभागातला कोणता माणूस सोमवारी सकाळी वेगळं काहीतरी करेल? असा माणूस सापडत नसेल तर तुमच्याकडे परवानगी आहे, भागीदारी नाही. त्यातही काही वाईट नाही. फक्त प्रपोजलमध्ये 'सहकार्याने' लिहू नका.

त्या सर्वेक्षणातली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ठरवलेले नमुने होते ८,८७०, मिळाले त्याहून कमी, आणि वस्त्यांबाहेरचे नमुने वस्त्यांतल्यापेक्षा बरेच कमी पडले. सोसायट्यांची गेटं उघडली नाहीत. आपल्याला वाटतं वस्तीत जाणं अवघड. पालिकेच्या आरोग्यसेविकेला विचारा. वस्तीतलं दार तिच्यासाठी उघडतं, कारण ती तिथे वर्षानुवर्षं जातेय. ही ओळख सॅम्पल साइझच्या सूत्रात कुठेच नसते. तुमचा रिस्पॉन्स रेट म्हणून जो आकडा थिसिसमध्ये छापला जातो, तो तिने कमावलेला असतो.

पुढे ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली तेव्हा वस्त्यांमधला आकडा सुमारे ४५ टक्के आला. कमी कसा झाला, असा गोंधळ उडाला. प्रतिपिंडं काळानुसार ओसरतात, ती ओळखण्याची चाचणीची क्षमताही त्याबरोबर बदलते, दर वेळी नमुन्यातले लोक वेगळे असतात. अशा गोष्टींचा विचार त्यात करावा लागतो. पण लक्षात घ्या, न पटणारा आकडाही बाहेर आला. आता मी माझ्या गोष्टीकडे येते, कारण न पटणाऱ्या आकड्याचं काय करायचं हे मी आधी ठरवलं नव्हतं.

माझा तक्ता

माझं काम एका मध्यम आकाराच्या महापालिकेत होतं. नाव सांगत नाही. चार नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं, त्यांच्या हद्दीतल्या वस्त्या, दोन वर्षांखालची मुलं. घरी जाऊन लसीकरण कार्ड बघायचं आणि केंद्राच्या रजिस्टरशी ताडायचं. परवानगीच्या पत्रात शेवटी नेहमीची ओळ होती: 'अभ्यासाचे निष्कर्ष विभागास सादर करावेत.' मी ती वाचली आणि मला छान वाटलं. आपलं संशोधन कोणीतरी वाचणार!

फील्डवर्क संपल्यावर मी एक एक्सेल शीट केली. केंद्र, त्याखाली लसीकरण सत्राचं ठिकाण, पुढे रजिस्टरमधला आकडा, घरी सापडलेला आकडा, राहिलेली मुलं. मेहनतीने केलेली, रंगबिरंगी शीट. ती आरोग्य विभागाला मेल केली.

तीन आठवड्यांनी एका केंद्रातल्या सिस्टरांचा फोन आला. एएनएमना आपण सिस्टर म्हणतो, त्या. माझ्याबरोबर भर उन्हात त्यांनी अख्खी वस्ती पायाखाली घातली होती. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कागदामुळे मला मेमो आलाय."

कारणे दाखवा नोटीस होती. त्यांच्या सत्रात राहिलेली मुलं सगळ्यात जास्त दिसत होती, म्हणून खुलासा मागितला होता. शीटमध्ये सिस्टरांचं नाव नव्हतं. मी सगळी नावं काढली होती, मुलांची, आयांची, कर्मचाऱ्यांची. एथिक्स कमिटीला तसं लिहूनही दिलं होतं. पण एका सत्राला एकच सिस्टर असते. सत्राचं ठिकाण लिहिलं म्हणजे नावच लिहिलं. हे केंद्रातल्या शिपायालाही कळलं असतं. मला नाही कळलं.

याहून वाईट भाग पुढे आहे. मी परत रजिस्टरं काढून बसले तेव्हा लक्षात आलं, की या सिस्टर 'आईने नकार दिला', 'घर बंद', 'गावी गेले' असं सगळं प्रामाणिकपणे लिहीत होत्या. बाकी काही सत्रांमध्ये तो रकाना रिकामाच होता. जिथे राहिलेलं मूल लिहिलंच नाही तिथे पाठपुरावा नाही, आणि माझ्या शीटमध्ये 'राहिलेली मुलं' हा रकाना रजिस्टर आणि घरभेट दोन्हींतून भरला होता. थोडक्यात, जिने खरं लिहिलं ती माझ्या तक्त्यात सगळ्यात वाईट दिसली. हा मोजमापातला दोष आहे. त्याला तुम्ही नोंदणीतला पूर्वग्रह म्हणा किंवा आणखी काही म्हणा, पण तो माझ्या पद्धतीत होता, सिस्टरांच्या कामात नव्हता.

गाइड आणि मी जाऊन आरोग्य अधिकाऱ्यांना भेटलो. मी लेखी दिलं की तक्त्यातली तुलना चुकीची आहे आणि ती कामगिरी मोजायला वापरता येणार नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं. त्यांची बाजूही समजण्यासारखी होती. त्यांच्यावर वरून टक्केवारीचा दट्ट्या असतो, आणि हातात तयार तक्ता आला तर ते तो वापरणारच. दोन महिन्यांनी नोटीस दप्तरी दाखल झाली. पण तेवढ्या काळात बातमी चारही केंद्रांत फिरली होती. पुढच्या तिमाहीची रजिस्टरं बघायला गेले तर सगळीकडे 'राहिलेली मुलं' हा रकाना कोरा. त्या सिस्टरांचासुद्धा.

कोरा रकाना म्हणजे त्या मुलांची नावं पुढच्या सत्राच्या यादीत नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे आशाताई त्या घरी जाणार नाहीत. माझ्या पीएचडीचा डेटा बिघडला ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

आता करारात काय लिहिते

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तुम्ही कोर्सवर्कमध्ये वाचली असतील. त्यात असुरक्षित गटांमध्ये वरिष्ठांच्या हाताखाली काम करणारे लोकही येतात. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या प्रपोजलमध्ये सहभागी व्यक्ती म्हणजे आई आणि मूल; सिस्टर आणि आशाताई 'फील्ड सपोर्ट' या शीर्षकाखाली. ज्यांचं काम मी मोजत होते, त्यांची संमती मी घेतलीच नव्हती. स्थानिक स्वराज्य संस्थेत संशोधन करताना कर्मचारी हे जवळजवळ नेहमीच तुमच्या अभ्यासाचे विषय असतात, तुम्ही तसं म्हटलं नाही तरी. ते प्रपोजलमध्ये उघड लिहा आणि त्यांना वेगळं संमतीपत्र द्या. वरून पत्र आलंय म्हणून त्यांनी 'हो' म्हटलं, ही संमती नव्हे.

दुसरं, 'निष्कर्ष सादर करावेत' ही ओळ तशीच स्वीकारू नका. कोणत्या पातळीचे निष्कर्ष, हे परवानगी घेतानाच लिहून घ्या. काम सुरू झाल्यावर हा विषय काढला तर तुम्ही काहीतरी लपवताय असं वाटतं, आणि आकडे हातात आल्यावर काढला तर खूपच उशीर झालेला असतो. माझ्या आताच्या सामंजस्य करारात वाक्य असं आहे: 'केंद्रापेक्षा लहान पातळीवरील आकडे विभागास दिले जाणार नाहीत, आणि अभ्यासातील कोणतीही माहिती कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक कामगिरीच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही.' आरोग्य अधिकाऱ्यांनी यावर विचारलं, "मग आम्हाला उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून राहिलेल्या मुलांची यादी त्याच आठवड्यात त्या त्या सिस्टरांना, आणि फक्त त्यांनाच, द्यायची असं ठरलं. अर्थात आईची परवानगी असेल तरच. मूल शोधायला मदत होते, माणूस शोधायला नाही.

तिसरं, नकारार्थी निकालाचं काय? मुंबईत स्नेहा संस्थेने महापालिका आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर नवजात आरोग्यावर मोठं काम केलं. त्यातला एक भाग म्हणजे ४८ वस्त्यांमधली चाचणी: २४ वस्त्यांमध्ये महिलांचे गट, २४ मध्ये नाहीत. २०१२ मध्ये निकाल छापून आला, की मुख्य परिणामांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. इतकी वर्षं राबून 'फरक नाही' असं छापायला भागीदारांमध्ये विश्वास लागतो. तुमच्या करारात प्रकाशनाबद्दल एक ओळ हवी: मसुदा विभागाला इतके दिवस आधी दाखवू, त्यांचं म्हणणं जोडू, पण छापायचं की नाही हा निर्णय संशोधकाचा. मी तीस दिवस लिहिलेत.

हे सगळं समन्वयाचं काम करणार कोण, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सार्वजनिक आरोग्य स्थानिक कौन्सिलांकडे आलं, आणि २०२२ पासून तिथली राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था काही कौन्सिलांना थेट पैसे देते, की संशोधन करणारी माणसं आणि व्यवस्था तुमच्याकडेच उभी करा. म्हणजे पैसा विद्यापीठाच्या खात्यात न जाता कौन्सिलकडे जातो आणि समन्वयक तिथल्याच ऑफिसात बसतो. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं वढूचं काम आहे. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, आणि २००२ पासून २२ गावांत लोकसंख्येची सलग नोंद ठेवली जाते. असं ठिकाण मिळालं तर भाग्यवान समजा. बाकी ठिकाणी पालिकेत असं पद नसतं, आणि समन्वयक म्हणजे तुम्हीच. एथिक्स कमिटी, गाइड, आरोग्य विभाग आणि केंद्र या चौघांमध्ये निरोप पोचवणारी व्यक्ती. फेलोशिपमध्ये त्याचे पैसे नाहीत. टाइमलाइनमध्ये निदान त्याचा वेळ तरी धरा. माझ्या अनुभवात एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शाइतका.

गेल्या महिन्यात मी दुसऱ्या टप्प्याचा पहिला तक्ता काढला. या वेळी मेल केला नाही. केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंच्या मासिक मीटिंगमध्ये प्रिंट घेऊन गेले आणि मोठ्याने वाचला. दोन आकडे त्यांनी तिथेच दुरुस्त केले. एका वस्तीत अकरा मुलं 'सापडली नाहीत' असं मी लिहिलं होतं. एक आशाताई म्हणाल्या, "ती वस्ती पाडली ना मॅडम दिवाळीत. सगळे नाल्यापलीकडच्या शेडमध्ये गेलेत." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिकडे गेलो. अकरापैकी आठ मुलं सापडली, पाच जणांची कार्डं आयांनी पत्र्याच्या पेटीत नीट जपून ठेवली होती.